ट्रेन केलेला राखणीचा कुत्रा चावणार नाही याची खात्री देता येते का?

तुम्ही लिहिलंय की बंगल्यावर रॉटवायलर आणायचाय, घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि ट्रेनर म्हणतोय की एकदा कोर्स झाला की ऑर्डर दिल्याशिवाय तो कुणाला दात लावणार नाही, गॅरंटी. माझं सरळ उत्तर, नाही. आणि असली गॅरंटी देणाऱ्या माणसाला ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका.

मी हे चिडून लिहितेय, कारण आमच्याच घरात हे झालंय आणि त्यावरून आमच्या थोरल्या दिरांशी माझं अजून जुळत नाही. माझं सासर तासगावकडचं, द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. सीझनला शेडमध्ये लाखोंचा माल पडून असतो, त्यामुळे रात्री राखण लागतेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आधी दोन गावठी कुत्री होती, भुंकून अख्खी वस्ती उठवायची. पण आबांना (दिरांना घरात सगळे आबा म्हणतात) कुणाच्या तरी फार्महाऊसवर बघून जर्मन शेफर्ड पाहिजे होता. आणला, रॉकी नाव ठेवलं, मोठा झाल्यावर शहरात ट्रेनिंगला ठेवला, बक्कळ पैसे भरले. परत आला तेव्हा खरंच बघण्यासारखा होता, बस म्हटलं की बसायचा, ताटलीतली भाकरी समोर ठेवली तरी सांगितल्याशिवाय तोंड लावायचा नाही. आबा येईल त्या पाहुण्याला हे करून दाखवायचे.

त्या दिवशी आबा सौद्याला तासगावात गेलेले. जाताना रॉकीला पिंजऱ्यात न घालता शेडच्या अंगणात मोकळा ठेवून गेले, मी म्हटलं पण की बायका कामाला येतील आता, तर म्हणाले, "अगं ट्रेन्ड आहे तो, काही करत नाही." बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांपैकी एक मावशी, बरीच वर्षं आमच्याकडे येतात, रॉकी त्यांना रोज बघायचा. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घातलेला, आणि खाली बसायला म्हणून एक जुनं पोतं घडी करून डाव्या हातावर टाकलेलं. गेटमधून आत आल्या, दोन पावलं चालल्या असतील, रॉकी भुंकला नाही, गुरगुरला नाही, सरळ आला आणि पोत्यासकट हात धरला. त्या ओरडायला लागल्या, बाकीच्या बायका ओरडायला लागल्या, गडी सोड सोड म्हणून काठी आपटायला लागला आणि जेवढा गोंधळ वाढला तेवढा तो जास्त आवळायला लागला. आमच्या ह्यांनी "आऊट, आऊट" म्हणून बघितलं, कारण पकड सोडायला ट्रेनरने तोच शब्द शिकवलेला, पण रॉकीनं तो फक्त ट्रेनरच्या आणि आबांच्या तोंडून ऐकलेला. शेवटी ह्यांनी मागून पट्टा धरून वर खेचून आवळला तेव्हा कुठं जबडा सुटला. पोतं होतं म्हणून हाड वाचलं, पण कोपराखाली दात आरपार रुतलेले, मांस दिसत होतं.

तेवढ्यात कुणीतरी हळद घेऊन पळत आलं. मी लावू दिली नाही. बोअरचा नळ सोडला आणि पंधरा मिनिटं साबणानं धुतलं, मग गाडीत घालून सरकारी दवाखान्यात. रॉकीला रेबीजची लस दिलेली होती तरी डॉक्टरांनी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्ध लगेच संरक्षण देणारं इंजेक्शन) भरलं आणि लशीचे पुढचे डोस सगळे पूर्ण करायला लावले. तुम्ही कुत्रा आणा नाहीतर नका आणू, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा: हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, आधी साबण आणि वाहतं पाणी, मग दवाखाना.

आबा संध्याकाळी आले आणि पहिलं वाक्य काय, तर "ती पोतं घेऊन गेलीच कशाला त्याच्यासमोर?" यावरून जे सुरू झालं ते आजही संपलेलं नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं! त्यांच्याच मोबाईलमध्ये ट्रेनिंगचे व्हिडिओ होते, त्यात समोरचा माणूस हातात जाड बाही घालतो, तिच्यावर तागाचं कव्हर असतं, अगदी आपल्या बारदानासारखं, आणि कुत्र्याला तेच धरायला शिकवतात, धरलं की शाबासकी. महिनोन्‌महिने हेच. मग तागाचं पोतं गुंडाळलेला हात समोरून आल्यावर त्यानं काय करायचं होतं? रॉकीनं शिकवलेलं केलं. मावशींनी रोजच्यासारखं बसायला पोतं आणलं. चुकला तो ज्यानं कुत्रा मोकळा ठेवला आणि काही करत नाही म्हणून सांगितलं. ज्याला पैसे भरून चावायला शिकवलंय तो चावेल याची खात्री धरा, कुणाला आणि कधी हे तो त्याच्या नजरेनं ठरवणार.

लोक लगेच पोलिसांच्या कुत्र्यांचं उदाहरण देतात. अहो, मुंबईच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा तो प्रसिद्ध झंजीर लॅब्राडोर होता, स्फोटकं हुंगणारा. ते काम वेगळं, माणूस धरायचं काम वेगळं. आणि जो धरायला शिकलेला असतो त्याच्याबरोबर त्याचा हँडलर कायम असतो, तो अंगणात एकटा सोडलेला नसतो. जर्मनीत सुरू झालेल्या शुट्झहुंडच्या, म्हणजे राखणीच्या कुत्र्यांच्या स्पर्धा बघा, तिथं हुकूम दिल्यावर कुत्र्यानं पकड सोडायला उशीर केला तर गुण कापतात, म्हणजे वर्षानुवर्षं तयार केलेले कुत्रेसुद्धा तिथं चुकतात. अमेरिकेत बायडन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांचा कमांडर नावाचा शेफर्ड सिक्रेट सर्व्हिसच्या, म्हणजे त्यांच्याच सुरक्षेच्या माणसांना इतक्यांदा चावला की शेवटी 2023 मध्ये त्याला व्हाइट हाऊसमधून हलवावं लागलं. त्यांच्याकडे ट्रेनरची किंवा पैशाची कमी होती का?

जातीवर मी जास्त बोलत नाही. 2024 च्या मार्चमध्ये केंद्रानं रॉटवायलर, पिटबुल धरून 23 जातींवर बंदीचं पत्र काढलं आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टानं ते रद्द केलं. माझ्या मते जातीपेक्षा कुत्रा कसा वाढवला याला जास्त महत्त्व आहे. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना पोरं, म्हातारी माणसं, छत्री, हेल्मेट, सायकल सगळं बघून सरावलं पाहिजे. आणि गुरगुरला म्हणून मारू नका. आबा मारायचे. गुरगुरणं हीच त्याची आगाऊ सूचना असते, ती मारून बंद केली की कुत्रा गप्प राहून चावतो, आमच्या गेटवर तेच झालं. अंग ताठ करून थिजला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, जीभ सारखी ओठांवरून फिरवायला लागला, तर शेपूट हलत असली तरी लांब व्हायचं.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर मोठं माणूस जवळ नसताना दोघांना एकत्र ठेवायचंच नाही, ट्रेनिंग झालेलं असो नसो. ती घास हातात घेऊन पळणार, झोपलेल्याच्या अंगावर पडणार, चार वर्षांचं पोर ते, करणारच. दोन दारांचा पिंजरा करा, म्हणजे एक उघडं राहिलं तरी दुसरं असतं. दिवसभर साखळीला बांधून ठेवू नका, त्यानं कुत्रा जास्त बिथरतो. सोडण्याचा हुकूम घरातल्या प्रत्येकाच्या आवाजात शिकवून घ्या, आणि ट्रेनरला सांगा, तुम्ही बाजूला व्हा, आता माझ्या बायकोला करून दाखवू दे. खरं तर चोरासाठी भुंकणारा कुत्रा, कॅमेरा आणि चांगलं कुलूप एवढं पुरतं, चावायचं ट्रेनिंग घरगुती माणसानं द्यायचंच कशाला?

हां, सगळेच ट्रेनर तसे नसतात, आणि आयुष्यभर कुणाला ओरखडा न काढलेले शेफर्ड मी पण बघितलेत. रॉकीवर माझा राग नाही, अजून माझ्याच हातची भाकरी खातो. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय, आणि ते जनावर बाळगणाऱ्याला आहे, पोतं घेऊन येणाऱ्या बाईला नाही. हे मी आबांना वाचून दाखवलंय. दवाखान्याचा खर्च त्यांनी केला, तो कुणीही केला असता. मावशी हात बांधून घरी बसल्या त्या दिवसांची मजुरी मात्र द्यायला ते तयार नव्हते, ती मी आणि ह्यांनी आमच्या वाट्यातून दिली, आणि आबांनी ती आम्हाला परत करावी हे माझं म्हणणं आजही कायम आहे.