‘स्टोनचं खाणं’ सुरू करण्याआधी खडा कोणता ते विचारा

तुमचा बोका ट्रेमध्ये बसून जोर करतो, दोन थेंब होतात, डॉक्टरांनी ‘स्टोन आहे’ म्हणून युरिनरी फूडची, म्हणजे लघवीच्या त्रासावरच्या खास खाण्याची, पिशवी दिली आणि तुम्ही विचारताय की त्यात थोडी सुकट कालवली तर चालेल का. सुकटीवर येते. पण लघवी तपासली का? एक्स-रे काढला का? पोस्टमध्ये दोन्हीचा उल्लेख नाही, आणि आमच्या बंड्या बोक्याचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं.

ठाण्यातल्याच एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) नुसतं पोट चाचपून ‘खडे आहेत, हे खाऊ घाला, विरघळतील’ असं सांगितलं. पिशवी तिथेच काउंटरवर विकायला. पुन्हा गेलो की ‘वेळ लागतो हो’. एक्स-रेचं विचारलं की ‘कशाला उगीच खर्च’. लघवीतून रक्त जायला लागल्यावर दुसरीकडे नेलं. तिथे एक्स-रे काढला, ऑपरेशन झालं. काढलेले खडे डॉक्टरांनी गॉजवर ठेवून दाखवले, बाजरीच्या दाण्याएवढे आणि काटेरी. लॅबचा रिपोर्ट आला, कॅल्शियम ऑक्झलेट. हे कुठल्याच खाण्याने विरघळत नाहीत, काढावेच लागतात. विरघळतात ते स्ट्रुवाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे. योग्य खाण्यावर ते काही आठवड्यांत एक्स-रेवर लहान होताना दिसतात. दिसत नसतील तर ‘वेळ लागतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका. पिशवी विकणाऱ्याला एवढं माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्या जिवाने विनाकारण सोसलं, म्हणून अजून संताप होतो.

शिवाय तरुण मांजरांत पुष्कळदा खडा नसतोच. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. म्हणून तपासणी हवी. लघवीचा नमुना ताजाच न्या. फ्रीजमध्ये ठेवलात तर थंडाव्याने त्यात स्फटिक धरतात आणि नसलेला आजार रिपोर्टात येतो.

मी डॉक्टर नाही, तुमच्या बोक्याची किडनी कशी आहे मला ठाऊक नाही, त्यामुळे पुढचं डॉक्टरांना विचारूनच करा. काही युरिनरी दाण्यांत तहान वाढावी म्हणून मीठ जास्त असतं, तेही विचारा.

माझं ठाम मत, दुखणं यातलं कुठलंही असो, पहिलं औषध पाणी. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम 10 टक्के, पाऊच किंवा डब्यातल्या खाण्यात 75 ते 80. मांजराला मुळात तहान कमी, वाडगा भरून ठेवला म्हणजे ते पितंच असं नाही. पाणी खाण्यातूनच पोटात गेलं पाहिजे. युरिनरी पाऊच महाग पडतात हे खरं. परवडत नसतील तर तेच दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या, पण उरलेलं लगेच उचला, आपल्याकडच्या दमट हवेत ते पटकन आंबतं. चिकन उकडलेलं पाणी आमच्याकडे हमखास संपतं. त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसूण मांजराला विषच.

सुकट, जवळा, बोंबील बंद. सालीसकट खाल्लेली सुकट म्हणजे खनिजांचा मारा, वर खारवलेली असली तर मीठ वेगळंच. युरिनरी फूडचं गणित ते एकटं दिलं तरच जमतं. शेजारच्या काकू प्रेमाने माशाचं डोकं आणून देत असतील तर त्यांनाही हात जोडून सांगा. लघवी आम्लधर्मी करायची म्हणून व्हिटॅमिन सी वगैरे तर स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका, त्याचं शरीरात ऑक्झलेट होतं.

नवं खाणं आठवड्याभरात हळूहळू वाढवा. दोन दिवस तोंड लावलं नाही तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबू नका, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते.

आणि थेंबही यायचा बंद झाला, उलटी झाली, कोपऱ्यात जाऊन बसला, तर सकाळची वाट बघायची नाही. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तुम्ही घोडबंदर रोडला राहता, रात्री तिथे ट्रकांच्या रांगेत अडकणं नवीन नाही. आजच जवळपासच्या दवाखान्यांना फोन करा. ‘चोवीस तास’ अशी पाटी असली तरी रात्री डॉक्टर स्वतः असतात का, आणि बोक्याला कॅथेटर (तुंबलेली लघवी काढायची नळी) घालतात का, हे स्पष्ट विचारून नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा.