केव्हीएम स्विचच्या सेटिंग्जचा बॅकअप कसा घ्यायचा? स्विच जळाला तर तीच फाइल नव्या पेटीवर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ऑफिसातले कॉम्प्युटर १६ पोर्टच्या आयपी (म्हणजे नेटवर्कवरूनही चालवता येणाऱ्या) केव्हीएम स्विचला जोडलेले, विक्रेता फर्मवेअर म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट करा म्हणतोय आणि त्याआधी तुम्हाला सेटिंग्जचा बॅकअप हवाय. शिवाय डिझाइनच्या टेबलावर चार पोर्टचा एक छोटा स्विच आहे, त्याचं काय करायचं हेही विचारलंय.

मी सोलापुरात कारखान्यांच्या आणि दवाखान्यांच्या ऑफिसांत नेटवर्कची कामं करतो. एक कीबोर्ड, एक माउस आणि एका मॉनिटरवर पाच-दहा कॉम्प्युटर चालवणाऱ्या या पेट्या रोज हाताखालून जातात. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

फाइल नव्या पेटीवर चालते. पण पेटी त्याच मॉडेलची हवी, आणि फाइल घेतली तेव्हा फर्मवेअरचं जे व्हर्जन होतं तेच नव्या पेटीवर असलेलं उत्तम. नव्या फर्मवेअरवर घेतलेली फाइल जुन्या फर्मवेअरची पेटी बहुधा घेत नाही. टॉवेलवाल्यांना हे लगेच कळेल: ४०० हुकांच्या जकार्डचे (नक्षी विणणाऱ्या यंत्राचे) पुठ्ठे दुसऱ्या हुकांच्या जकार्डवर चढवून तीच नक्षी निघत नाही. म्हणून फाइल घेतानाच मॉडेल नंबर आणि फर्मवेअर व्हर्जन फाइलच्या नावातच लिहून ठेवा, सोबत तारीख. नुसतं ‘बॅकअप’ किंवा ‘नवीन बॅकअप’ असं नाव असलेली फाइल दोन वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही. ज्या व्हर्जनवर बॅकअप घेतला त्या फर्मवेअरची फाइलही कंपनीच्या साइटवरून उतरवून शेजारीच ठेवा.

आता बॅकअप घ्यायचा कसा. ब्राउझरमध्ये स्विचचा आयपी पत्ता टाकून अॅडमिन म्हणून लॉगइन करा. ‘मेंटेनन्स’ किंवा ‘सिस्टिम’ अशा नावाच्या मेनूत ‘बॅकअप/रिस्टोअर’ सापडतं. काही पेट्या फाइलसाठी पासवर्ड मागतात. तो द्या आणि फाइलपासून वेगळ्या जागी लिहून ठेवा, कारण त्याच्याशिवाय फाइल उघडणार नाही. बटण दाबलं की फाइल तुमच्या लॅपटॉपवर उतरते. इतकंच.

अडतं ते याच्या आधी. पेटी जुनी असेल तर तिचं वेबपेज आजच्या ब्राउझरमध्ये नीट उघडत नाही. जुन्या आयपी केव्हीएमना जावा किंवा अॅक्टिव्हएक्स ही ब्राउझरला जोडायची जुनी सॉफ्टवेअरं लागतात. क्रोमने २०१५ मध्येच जावा प्लगइनचा आधार काढून टाकला आणि मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये बंद केला. तरी एजमध्ये ‘आयई मोड’ आहे, आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. सेटिंग्जची पानं त्यात बहुतेक वेळा उघडतात. पेटी चांगली चालू असताना हे करून बघा. बिघाड झाल्यावर ब्राउझरशी झटापट करत बसायला वेळ नसतो.

फाइल ठेवायची कुठे, याचाही नीट विचार करा. त्याच रॅकमधल्या, त्याच स्विचमागच्या कॉम्प्युटरवर ती ठेवू नका. स्विच गेला की त्या कॉम्प्युटरला मॉनिटरच उरत नाही, वेगळा मॉनिटर आणून जोडेपर्यंत फाइल अडकून पडते. एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक मालकांकडे किंवा दुसऱ्या इमारतीत ठेवा. या फाइलमध्ये तुमच्या नेटवर्कचा नकाशा आणि सगळी खाती असतात. त्यामुळे ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची वस्तू नाही. तिजोरीची किल्ली जशी जपता तशी जपा.

आता रिस्टोअर. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण लोक फाइल घेऊन निर्धास्त होतात आणि ती परत चढवताना काय काय बदलतं हे बघत नाहीत.

पहिली गोष्ट खात्यांची. रिस्टोअर केलं की फाइल घेतली त्या दिवशीची खाती परत येतात. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरचं खातं तुम्ही बंद केलं असेल, तर ते पुन्हा चालू होतं. अॅडमिनचा पासवर्ड बदलला असेल, तर तो जुन्यावर जातो. म्हणजे तो जुना पासवर्ड आठवत नसेल तर रिस्टोअर यशस्वी होऊनही तुम्ही दाराबाहेरच. म्हणून रिस्टोअर झाल्यावर सर्वात आधी युजरची यादी उघडा आणि एकेक नाव वाचा. आणि कुणी नोकरी सोडली, पासवर्ड बदलला, की जुन्या फाइलवर विसंबू नका, त्याच दिवशी नवा बॅकअप घ्या.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. पोर्टची नावं पुन्हा हाताने भरायला फार वेळ लागत नाही. कुणाला कुठलं पोर्ट दिसावं, हे मात्र आठवून भरणं अवघड. अकाउंट्सवाल्यांना फक्त टॅलीचा सर्व्हर, कॅमेरे बघणाऱ्या बाहेरच्या माणसाला फक्त सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, डिझायनरला फक्त त्याचं मशीन. ही वाटणी एकदा गेली की घाईत सगळ्यांना सगळं उघडून दिलं जातं आणि पुढे महिनोन्‌महिने तसंच राहतं. पगारपत्रक ज्याने बघायला नको तो बघू लागतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या दृष्टीने बॅकअप घ्यायचं खरं कारण हेच आहे.

तिसरी गोष्ट: पूर्ण रिस्टोअर की अर्धा. बऱ्याच पेट्यांत निवड करता येते. उदाहरणार्थ, रॅरिटन कंपनीच्या डोमिनियन केएक्स मालिकेत ‘फुल’, ‘प्रोटेक्टेड’ आणि ‘कस्टम’ असे प्रकार आहेत. ‘फुल’मध्ये सगळं जसंच्या तसं येतं. ‘प्रोटेक्टेड’मध्ये पेटीचं नाव, आयपी पत्ता अशा त्या पेटीपुरत्या गोष्टी सोडून बाकीचं येतं. ‘कस्टम’मध्ये फक्त युजर किंवा फक्त डिव्हाइस सेटिंग्ज आणता येतात. जुनी पेटी जळून गेली आणि तिच्या जागी नवी लावायची असेल तर पूर्ण रिस्टोअर बरोबर. पण जुनी चालू असताना तिच्यासारखीच दुसरी पेटी गोदामात लावायची असेल आणि तिथे पूर्ण रिस्टोअर केलं, तर दोन्ही पेट्यांचा आयपी पत्ता एकच होतो आणि चालू असलेलीही अडते. तिथे आयपी वगळणारा पर्यायच हवा.

नवी पेटी हातात आली की ती कारखान्याच्या नेटवर्कला लगेच जोडू नका. आधी लॅपटॉप केबलने थेट जोडा. एटेन कंपनीच्या आयपी पेट्यांत सुरुवातीचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.६० असतो, रॅरिटनमध्ये १९२.१६८.०.१९२. लॅपटॉपला त्याच रांगेतला दुसरा पत्ता द्या, लॉगइन करा, फर्मवेअर जुळवा आणि मग फाइल चढवा. पेटी रीस्टार्ट होईल, आणि नंतर तिचा पत्ता फाइलमधला झालेला असेल. लॅपटॉपवर पान दिसेनासं झालं म्हणून घाबरू नका, लॅपटॉप आता त्या पत्त्याच्या रांगेत न्यायचा.

फाइलमध्ये जे येत नाही त्याची तयारी वेगळी करावी लागते. नोंदवही म्हणजे लॉग सहसा येत नाही. सुरक्षा सर्टिफिकेट येईलच याची खात्री धरू नका, ते आणि त्याच्या किल्लीची (‘की’ची) फाइल वेगळी जपा. नव्या पेटीचं घड्याळ चुकीचं असेल तर सर्टिफिकेट आणि केंद्रीय लॉगइन (म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरून तपासलं जाणारं लॉगइन), दोन्ही रुसून बसतात, म्हणून तारीख-वेळ आधी तपासा. आणि काही कंपन्यांत कॉम्प्युटरकडच्या टोकाला जो छोटा अॅडॉप्टर लागतो, त्यातच त्या पोर्टची माहिती साठवलेली असते. एटेन आणि रॅरिटन दोघांकडे अशी सोय आहे. तिथे पेटी बदलली तरी नाव अॅडॉप्टरसोबत येतं, पण अॅडॉप्टरच बदलला की तेवढं पोर्ट पुन्हा भरावं लागतं.

आणि वायरी. सेटिंग्जमध्ये ‘पोर्ट ३ टॅली’ हे नाव परत येईल, पण घाईत तिसऱ्या भोकात सीसीटीव्हीची वायर गेली असेल तर परवानगी अकाउंट्सची आणि पडद्यावर कॅमेरा. (वर म्हटलं तसं नाव अॅडॉप्टरमध्ये असेल तर पेटी ही चूक पकडते. नसेल तर पकडत नाही.) आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. त्या उन्हाळ्यात रॅकमागच्या कागदी स्टिकरचा गोंद सुटतो. वर कापसाचा तूस सगळीकडे चिकटतो, आणि तो झटकताना उरलेली स्टिकरंही निघतात. म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना बांधायचे प्लास्टिकचे टॅग घ्या, त्यावर पक्क्या मार्करने नंबर लिहा, आणि पेटीच्या मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो काढून बॅकअप फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

फर्मवेअर अपडेटच्या आधी एक चाचणी जरूर करा. बॅकअप घ्या. मग लॉगइन टाइमआउटची वेळ मुद्दाम बदला, म्हणजे समजा ३० मिनिटं असेल तर २० करा. आता तीच फाइल त्याच पेटीवर रिस्टोअर करा. पेटी सुरू झाल्यावर टाइमआउट परत ३० दिसला तर फाइल जिवंत आहे, पासवर्ड बरोबर आहे आणि तुम्हाला रस्ता माहीत झाला. २० च दिसला किंवा एरर आली, तर अपडेटला हात लावू नका, आधी विक्रेत्याला विचारा. रिस्टोअर होताना मागचे कॉम्प्युटर बंद पडत नाहीत, त्यांचं काम चालूच राहतं, फक्त पडदा काही वेळ जातो. तरी पगाराच्या किंवा जीएसटी भरण्याच्या दिवशी हे करू नका.

अपडेट करताना पेटी आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर हवेत आणि लॅपटॉप वायफायवर नको, केबलवर हवा. फर्मवेअर लिहिलं जात असताना लाइट गेली तर पेटी परत उठेलच असं नाही. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर आधी ती तपासून घ्या, अपडेट आठवडाभर थांबलं तरी चालतं. अपडेट नीट झालं की लगेच नव्या व्हर्जनवर दुसरा बॅकअप घ्या. जुना पुसू नका, पुन्हा मागच्या व्हर्जनवर यायची वेळ आली तर तोच लागेल.

आता डिझाइनच्या टेबलावरचा छोटा स्विच. अशा पेट्यांना वेबपेज नसतं आणि बॅकअप फाइलही नसते. सेटिंग्ज त्यांच्या स्वतःच्या मेमरीत असतात: हॉटकी (पोर्ट बदलायच्या कीबोर्डवरच्या कळा) कुठली, आपोआप पोर्ट बदलायचं अंतर किती, बीप चालू की बंद. एटेनच्या कित्येक मॉडेलांत मात्र एक उपयोगी सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. नोटपॅड उघडा आणि कर्सर त्यात ठेवा. नम लॉक दाबून धरा, मायनस दाबून सोडा, मग नम लॉक सोडा. कीबोर्डवरचे तीन दिवे लुकलुकायला लागले की स्विच सेटिंग मोडमध्ये आला. आता एफ४ दाबा. स्विच स्वतःच कीबोर्ड असल्यासारखा टाइप करू लागतो आणि सध्याच्या सेटिंग्जची यादी नोटपॅडमध्ये ओळीमागून ओळ उमटते. ती सेव्ह करा, एक प्रत छापून टेबलाच्या खणात ठेवा. या मोडमध्ये आर दाबून एंटर केलं तर हॉटकीच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात, म्हणून बाहेर पडताना एस्केपच दाबा. दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर त्याच्या माहितीपत्रकातल्या हॉटकींचं पान फोटो काढून ठेवा आणि तुम्ही काय बदललंय ते त्यावर लिहा.

डिझायनरच्या बाबतीत एक गोष्ट आणखी. स्विच बदलल्यावर पडद्याचं रिझोल्यूशन कधी कधी खाली येतं, कारण कॉम्प्युटरला मॉनिटरची ओळख स्विचमार्फत मिळते आणि ती मिळाली नाही तर तो सुरक्षित म्हणून कमी रिझोल्यूशन धरतो. हिशेबाच्या कामाला त्याने फरक पडत नाही. पण जकार्डच्या ग्राफवर एकेका चौकोनावर ताणा-बाणा ठरतो, तिथे चौकोन पुसट दिसले की चुकीचा ठिपका भरला जातो आणि तो थेट मालावर उमटतो. म्हणून बदलाआधी त्या मशीनचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट लिहून ठेवा. नंतर जुळलं नाही तर मॉनिटर व स्विच चालू असताना तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. स्विचच्या सेटिंग्जमध्ये ‘ईडीआयडी’ किंवा ‘डीडीसी’ नावाचा पर्याय असेल तर तिथून मॉनिटरची माहिती पुन्हा वाचायला सांगा.

मोठ्या पेटीखालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि सध्याचं फर्मवेअर व्हर्जन इथे कमेंटमध्ये लिहा, म्हणजे तुमच्या मेनूत रिस्टोअरचे कुठले पर्याय दिसायला हवेत ते नेमकं सांगतो. सिरियल नंबर आणि आयपी पत्ता मात्र लिहू नका.