पिक्चर कसा वाटला, असं कुणी विचारलं तर

प्रिय बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आपल्या नागपूरच्या मिहानमधल्या नव्या ऑफिसात डबा खाताना तू एका गाजत असलेल्या पिक्चरला ‘बोअर’ म्हणालीस, समोरचा मुलगा फुगून बसला, आणि तेव्हापासून तू ठरवून टाकलंस की कुणी काहीही विचारो, आपण ‘वन टाइम वॉच आहे’ म्हणायचं आणि भाजीकडे बघायचं. भांडण नको, कटकट नको. तुला सोयीचं वाटत असेल, मला मात्र ते आवडलं नाही. ती पळवाट आहे. तुझ्यासारख्या बोलक्या पोरीनं ती धरावी याचं वाईट वाटलं.

पेपरात असताना बरीच वर्षं शुक्रवारचा पहिला शो बघून त्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं, हे तुला ठाऊक आहे. पण मी तुला समीक्षा शिकवायला बसलेलो नाही. समीक्षा लिहिणाऱ्याला वाचणारा दिसत नाही. तुला समोरचा माणूस दिसतो, त्याच्या डब्यात काय आहे तेही दिसतं. तेव्हा आधी त्याच्याकडे बघ.

‘कसा आहे गं?’ हे प्रत्येक जण वेगळ्या कारणासाठी विचारतो. एखाद्याला शनिवारी घरच्यांना घेऊन जायचं असतं. सासऱ्यांच्या शेजारी बसून बघता येईल का, एवढंच त्याला हवं असतं. तुझ्या आईला फार रक्त आहे का आणि शेवटी कुणी मरतं का, हे जाणून घ्यायचं असतं. एखाद्याने तो कालच पाहिलेला असतो. त्याला तुझं मत नकोच असतं, स्वतःचं सांगायला कुणीतरी हवं असतं. अशाला आधी बोलू द्यावं. तुझ्या त्या फुगलेल्या दोस्ताचं असंच काहीतरी झालं असणार. तो पिक्चर डोक्यात घेऊन आला होता आणि तू एका शब्दात दार लावलंस. तुझं मत चुकलं असं मी म्हणत नाही. तुझ्या त्या एका शब्दात त्याला धरायला काहीच नव्हतं.

आपल्याकडच्या माणसाला नेमकं बोलता येत नाही, असं तर मुळीच नाही. सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर दहा मिनिटं उभी राहा. ‘आज तर्री पातळ झाली, चना थोडा कच्चा राहिला, पण तिखट बरोबर बसलं’ असं रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत कुणीही सांगतो. तोच माणूस तीन तासांचा पिक्चर पाहून येतो आणि म्हणतो, ‘जबराट आहे बे’. पोह्याला जेवढा न्याय मिळतो तेवढा पिक्चरलाही मिळायला काय हरकत आहे?

‘झुंड’चं उदाहरण घे. मार्च 2022 मध्ये तो आला तेव्हा तू कॉलेजात होतीस. नागराज मंजुळेंचा, अमिताभ बच्चनचा, जवळजवळ तीन तासांचा. मूळ गोष्ट आपल्याच गावची: हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे विजय बारसे सर, आणि 2001 साली त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन सुरू केलेलं फुटबॉल. त्या वेळी माझ्याभोवती दोनच मतं फिरत होती. एक, ‘बच्चनसाहेबांनी कमाल केली’, आणि दुसरं, ‘फार लांबवलाय’. दोन्ही मतं मुंबईच्या कुठल्याही माणसाला देता आली असती. मग नागपूरकरानं पाहून वेगळं काय सांगितलं?

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ती पोरं जी हिंदी बोलतात ती आपली हिंदी आहे का? हिंदी पिक्चरमध्ये गरीब वस्तीतला पोरगा आला की तो बहुतेक मुंबईच्या टपोऱ्याचीच भाषा बोलतो. इथे मोठ्या पडद्यावर आपलं ‘अबे’ ऐकू आलं, आणि ज्यांच्या तोंडून आलं त्यातली कितीतरी पोरं इथलीच, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिलेली होती. आंबेडकर जयंतीची मिरवणूक आणि त्यात बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून उभा असलेला अमिताभ, हे नागपूरच्या थिएटरात पाहताना आजूबाजूला काय झालं? कोण शिट्ट्या वाजवत होतं, कोण गप्प बसलं होतं? मध्यंतरापूर्वीची वस्तीतली पोरं विरुद्ध कॉलेजची पोरं ही मॅच किती रंगते! आणि नंतर कागदपत्रं, पासपोर्ट, पोलीस, कोर्ट यांत पिक्चर अडकतो. तो भाग लांबलाय हे मलाही मान्य आहे. पण गावातून आलेली ती मुलगी आणि तिचा बाप ओळखीच्या कागदासाठी या दारातून त्या दारात फिरतात, ती लांबण कात्रीनं कापली तर उरतं काय? ज्यानं तहसील कार्यालयात जातीच्या दाखल्यासाठी चकरा मारल्या आहेत त्याला ते लांब वाटणार नाही, ज्यानं मारल्या नाहीत त्याला वाटेल. हे एवढं बोललीस की समोरचा तुझ्याशी भांडेल, पण फुगून बसणार नाही. त्याच्याकडेही एखाद्या दाखल्याची गोष्ट असेल.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: जिथे तुला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे, तिथून बोल. कॅमेऱ्याचं नाही कळत? नको बोलू. अर्धे लोक ‘सिनेमॅटोग्राफी सुंदर’ म्हणतात तेव्हा त्यांना डोंगर सुंदर आहेत असं म्हणायचं असतं. पण तू आयटीत काम करतेस. पडद्यावरचा हिरो दोन मिनिटांत अख्ख्या शहराचे सिग्नल हॅक करतो, तेव्हा तुला हसू का आलं ते सांग. तू होस्टेलवर राहिली आहेस, तर होस्टेल खोटं कुठे दिसलं ते सांग. परवा तुझी काकू एका मालिकेला हसत होती. सासू नुसत्या कोरड्या कढईत कालथा फिरवत होती आणि फोडणीचा आवाज मात्र चुरचुरत होता. हिने गॅसकडे बोट दाखवलं, तो पेटलेलाच नव्हता! मला ते दिसलं नव्हतं.

आता ‘स्लो आहे’ याबद्दल. हे मत मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि ऐकलं की विचारतो, कुठे? ‘कोर्ट’ नावाचा मराठी पिक्चर तू पाहिला नसशील तर पाहा. चैतन्य ताम्हाणेंचा, एप्रिल 2015 मध्ये थिएटरात लागला, त्याआधी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं होतं. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. चळवळीतला माणूस, 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनानं नेला. पिक्चरमध्ये त्यांच्यावर खटला भरतात, का तर त्यांचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं आत्महत्या केली म्हणे. खटला चालतो तो खऱ्या कोर्टासारखाच, तारीख पे तारीख. कॅमेरा एका जागी ठेवलेला आणि माणसं येऊन-जाऊन. मध्येच आपण सरकारी वकीलबाईंच्या मागे निघतो. त्या लोकलमध्ये बायकांशी तेलाबद्दल बोलतात, मुलाला शाळेतून घेतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात. ‘याचा केसशी काय संबंध?’ असं मला एकानं विचारलं होतं. अरे बाबा, दिवसभर एका म्हाताऱ्याला आत ठेवायची मागणी करणारी बाई संध्याकाळी कणिक मळते, हाच तर संबंध.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. कोर्टाला सुट्टी लागते. माणसं बाहेर पडतात, शिपाई एकेक दिवा बंद करत जातो आणि पडदा काळा होतो. झालं, संपलं, असं वाटून लोक चपला शोधायला लागतात. आणि पिक्चर पुन्हा सुरू होतो, न्यायाधीश सहलीला निघालेले असतात. पुढचं सांगत नाही. पण तो अंधार दिग्दर्शकानं मुद्दाम तेवढा वेळ ठेवला आहे, हे कळण्यासाठी खुर्चीत बसून राहावं लागतं. मोबाइलवर दीडपट वेगानं पाहिलास तर तो अंधार नुसता बफरिंगसारखा वाटेल. तरीही तुला कंटाळा आला तर खुशाल सांग. फक्त ‘मधल्या तासात मी दोनदा घड्याळ पाहिलं, तो बचावाच्या वकिलाचा सुपरमार्केटचा सीन मला कळला नाही’ असं सांग. मग मला बोलता येतं. नुसत्या ‘स्लो’वर मी काय बोलणार?

आकड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या टेबलावर ते फार चालत असणार. ‘दोनशे कोटी कमावले’ म्हणजे तिकिटं खपली. त्यातही ग्रॉस म्हणजे कर धरून आणि नेट म्हणजे कर वजा जाऊन, आणि पोस्टरवर जो मोठा असेल तो आकडा छापतात. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर 90 टक्के दिसले म्हणजे पिक्चरला शंभरातले 90 मार्क पडले असं नाही. शंभरातल्या 90 समीक्षकांना तो एकंदर बरा वाटला, एवढंच. सगळ्यांना ‘बरा’ वाटलेला पिक्चरही तिथे शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो. यातलं काहीच तुझ्या मताच्या जागी ठेवू नको, आणि दुसऱ्यानं ठेवलं तर वादही घालू नको. आकड्याशी कोण भांडणार!

एक सूचना खास नागपूरकरांसाठी. मे महिन्यात दुपारी बाहेर 45 डिग्री असताना एसीत बसून पाहिलेल्या पिक्चरवर त्याच दिवशी मत देऊ नये. तेव्हा जाहिरातीसुद्धा छान वाटतात. पूर्वी आमच्या वेळी सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये माणसं पिक्चरचं नाव न विचारता तिकीट काढायची, आत गारवा आहे का एवढं विचारायची. आणि मध्यंतरात तर तोंड उघडूच नये. आपले हिंदी-मराठी पिक्चर मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात, पहिल्या भागात सगळं पसरून ठेवायचं आणि मोठा झटका देऊन समोस्याला पाठवायचं. त्यामुळे ‘इंटरव्हलपर्यंत मस्त, नंतर ढेपाळला’ हे वाक्य निम्म्या पिक्चरना लागू पडतं. पसरणं सोपं असतं, आवरणं कठीण. इंग्रजी पिक्चरला तर मध्यंतर नसतंच. आपल्याकडे कुठेतरी मधेच तोडतात आणि मग लोक म्हणतात, पहिला भाग अर्धवट वाटला.

आता तुझ्या गप्प बसण्याबद्दल, कारण मुख्य राग माझा त्यावर आहे. मोठ्या हिरोच्या पिक्चरला तुझ्या मतानं काही फरक पडत नाही. त्याला तू ‘बोअर’ म्हण नाहीतर नको म्हण. पण एखादा छोटा मराठी पिक्चर आपल्याकडे लागतो तो बऱ्याचदा एखाद्याच शोला, तोही अशा वेळी की नोकरी करणारा माणूस जाऊ शकत नाही. पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पुढच्या आठवड्यात तो शो गेला. त्या दोन दिवसांत त्याला जाहिरात वाचवत नाही. वाचवलं तर ‘जाऊन ये, त्यातल्या आजीनं बघ काय केलंय’ असं कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं वाचवतं. अशा वेळी ‘वन टाइम वॉच’ म्हणणं म्हणजे ‘ओटीटीवर येईल तेव्हा बघू’ म्हणण्यासारखंच आहे. आवडला असेल तर शुक्रवारी रात्रीच सांग, ऑफिसच्या ग्रुपवर सांग, नाव-वेळ-थिएटर सगळं सांग. नाही आवडला तर त्याबद्दल एक आठवडा गप्प बसलीस तरी मी तुला पळपुटी म्हणणार नाही. हा पक्षपात आहे, हो. असू दे.

आणि त्या फुगलेल्या मुलाला सोमवारी विचार, त्याला त्यात नेमकं काय आवडलं. खरंच ऐक. बहुतेक तो एखाद्या प्रसंगाबद्दल बोलेल, जो तुला आठवतही नसेल. मग तुला कुठे कंटाळा आला ते सांग, हिरोच्या वयावर आणि केसांवर न घसरता. त्याचं मत बदलायचं मनात आणू नको. पिक्चरवरून कुणाचं मत बदललेलं मी तरी पाहिलेलं नाही. फार तर दुसऱ्यांदा बघायला जातात.

या रविवारी तू जाणार आहेस त्याचं माझंही तिकीट काढ. काकू येत नाही म्हणते, तिला इतका वेळ गुडघा दुमडून बसवत नाही. कडेची खुर्ची घे, पुढची रांग नको. आणि समोसे घ्यायला उठलो की ‘काका, कसा वाटून राहिला?’ असं विचारायचं नाही.

तुझा,
काका