रिॲलिटी शोच्या निर्मितीत करिअर करायचंय. कोणत्या निर्मातीची कारकीर्द अभ्यासावी?

तुम्ही विचारलंय की रिॲलिटी शोची निर्माती व्हायचं असेल तर मीडिया मॅनेजमेंट शिकावं की थेट कामाला लागावं, आणि जिच्याकडे बघून शिकता येईल अशी कोणी आहे का. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच सापडेल.

अमेरिकेतल्या मेरी-एलिस ब्युनिमची कारकीर्द बघा. मी नॉन-फिक्शन कार्यक्रमांच्या एडिटमध्ये काम करते. रोज ज्या पद्धतीने आम्ही फुटेजमधून गोष्ट काढतो, तिचा बराचसा पाया या बाईंनी आणि त्यांचे भागीदार जोनाथन मरे यांनी घातलाय. तरी आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

ब्युनिम रिॲलिटीतून आल्याच नव्हत्या. त्या डेली सोपच्या. 'सर्च फॉर टुमॉरो', 'ॲज द वर्ल्ड टर्न्स', 'सांता बार्बरा' या दुपारच्या मालिकांच्या त्या कार्यकारी निर्मात्या होत्या. अमेरिकन टीव्हीचा हा एक कोपरा असा, की तिथे बायकांचा शब्द चालायचा. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' १९५६ मध्ये सुरू केली तीही अर्ना फिलिप्स या लेखिकेनेच. आठवड्याला पाच भाग, वर्षभर, खंड नाही. कोणता ट्रॅक, म्हणजे एखाद्या पात्राच्या गोष्टीचा धागा, कधी उघडायचा, कोणता महिनाभर झाकून ठेवायचा, शुक्रवारच्या भागात प्रेक्षकाला कुठे अडकवायचं, हे अशा ठिकाणी अंगवळणी पडतं. मरे पत्रकारितेकडून आलेले, बातम्या आणि माहितीपटांचा माणूस. दोघांनी १९८७ मध्ये कंपनी काढली. नाव व्हायला मात्र पुढची पाच वर्षं गेली.

एमटीव्हीला तरुणांसाठी सोप हवा होता. पण सोप म्हणजे लेखकांची फौज, नट, सेट, आणि तेवढा पैसा टाकायची चॅनेलची तयारी नव्हती. तेव्हा या दोघांनी सुचवलं की लेखक आणि नट दोन्ही वगळू. एकमेकांना न ओळखणारी सात तरुण मुलंमुली न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या लॉफ्टमध्ये, म्हणजे ऐसपैस मोकळ्या फ्लॅटमध्ये, राहायला आणू आणि त्यांचं जगणं चित्रित करू. 'द रिअल वर्ल्ड' २१ मे १९९२ रोजी सुरू झाला. खऱ्या माणसांच्या घरात कॅमेरा नेणं त्याआधीही झालं होतं. १९७३ मधली 'ॲन अमेरिकन फॅमिली' ही मालिका प्रसिद्धच आहे. नवी होती ती जुळणी. मालिकेत आधी गोष्ट लिहून मग शूटिंग होतं. इथे आधी शूटिंग, आणि गोष्ट नंतर एडिटच्या टेबलावर शोधायची. ब्युनिमना सोपमुळे नेमकं हेच शोधता येत होतं.

अर्धी गोष्ट तर त्या कास्टिंगमध्येच पेरत. पहिल्या सीझनमध्ये अलाबामाहून आलेली एक तरुण नर्तिका होती आणि एक कृष्णवर्णीय कवी-लेखक. वंशभेदावरून त्या दोघांचा भर रस्त्यात झालेला वाद आजही बघवत नाही इतका खरा आहे. एक ओळ कोणी लिहून दिलेली नाही, पण ही दोन माणसं एका छताखाली आली तर काय निघेल याचा अंदाज कोणीतरी बांधलेला आहे. निर्माती म्हणून तुमचं सगळ्यात मोठं काम हेच असणार.

आणि मग १९९४ चा सॅन फ्रान्सिस्कोचा तिसरा सीझन. त्यात पेद्रो झमोरा होता, एचआयव्हीसह जगणारा, शाळा-कॉलेजांत जाऊन एड्सबद्दल बोलणारा २२ वर्षांचा क्युबन-अमेरिकन मुलगा. त्याचं आजारपण, त्याचं दुसऱ्या पुरुषावरचं प्रेम, दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांना दिलेला शब्द, हे सगळं लाखो घरांत पोचलं. शेवटचा भाग दाखवला गेला आणि काही तासांतच, ११ नोव्हेंबर १९९४ ला, पेद्रो गेला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याच्या कामाची जाहीर दखल घेतली. रिॲलिटी टीव्ही म्हणजे निव्वळ कचरा, असं कोणी म्हणालं की मी हा सीझन बघायला सांगते.

पुढे 'रोड रूल्स', 'मेकिंग द बँड' आणि २००३ मध्ये पॅरिस हिल्टनचा 'द सिंपल लाइफ' आला. 'रिअल वर्ल्ड'च्या नंतरच्या सीझनांत दारू आणि भांडणं फार झाली. माझ्या मते तिथे कास्टिंगमागचं कुतूहल संपलं होतं आणि हिशेब उरला होता. त्यांची कारकीर्द अभ्यासताना ही घसरणही बघा. ब्युनिम २९ जानेवारी २००४ रोजी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या, वय अवघं ५७. टेलिव्हिजन अकॅडमीच्या हॉल ऑफ फेममध्ये मरे यांच्याबरोबर त्यांचं नाव लागलं ते २०१२ मध्ये.

आता तुमचा पहिला प्रश्न. करार, बजेट, फॉरमॅटचे (म्हणजे कार्यक्रमाच्या साच्याचे) हक्क हे कधीतरी शिकावंच लागेल आणि कोर्समध्ये ते नीट शिकवतात. पण माझं मत विचाराल तर आधी दोनेक वर्षं फुटेजजवळ काढा. लॉगिंगचं काम मिळालं तरी घ्या. तासन्‌तास कच्चं फुटेज बघून कोण कधी काय बोललं याची नोंद ठेवायची, एवढंच ते काम. कंटाळवाणं आहे, पगारही फार नसतो. पण माणूस खोटं कधी वागतोय आणि कधी कॅमेरा विसरलाय, हे तिथे कळायला लागतं. एकाच माणसाची तीन ठिकाणची वाक्यं तोडून जोडली की तो कधीच न बोललेलं बोलताना दिसतो, हेही तिथेच दिसेल. अशा जोडणीला कुठे नाही म्हणायचं ते तेव्हाच ठरवून ठेवा. हातात अधिकार आल्यावर चॅनेलचा दबाव फार असतो.

'रिअल वर्ल्ड'चा पहिला आणि तिसरा सीझन मिळवून लागोपाठ बघा, वही घेऊन. कोणाचा ट्रॅक कुठे सुरू झाला, किती वेळ गायब होता, कशावरून परत आला, एवढंच लिहीत जा. काही अडलं तर खाली विचारा, मी नक्की उत्तर देईन.