राखाडी घरात आधी तूच फिरून ये

अगं,

तुझा मेसेज वाचला, व्हिडिओपण दोनदा बघितला. घराचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल मस्त झालंय, सोफ्यावरची शाल काय, फळीवरचे पितळी डबे काय, सगळंच. आता क्लायंटला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की मॉडेलच्या आत उभं असल्यासारखं दिसतं तो, घालून फिरवायचंय म्हणून "ताई टिप्स द्या" असं लिहिलंयस. देते, पण आधी सांग, तू स्वतः त्या घरात किती वेळ होतीस? मटेरियल नीट लागलंय का हे बघायला दोन मिनिटं डोकावलीस ते सोड, सकाळी उठून चहा टाकायला निघालेल्या बाईसारखी फिरलीस का? मला नाही वाटत. कारण तुझ्या व्हिडिओत ४२व्या सेकंदाला जिन्याखालच्या टॉयलेटचं दार उघडतं आणि सरळ वॉशबेसिनच्या अंगावर जातं. प्लॅनमध्ये तो दाराचा पाव गोल आपण इतक्या वेळा काढलेला असतो की तो दिसेनासा होतो, आत उभं राहिलं की लगेच कळतं.

आपल्याकडे हेडसेट येतो कधी, तर सगळं ठरल्यावर. आरसीसीचे ड्रॉइंग्ज गेलेले, टाइल्स निवडून झालेल्या, मग क्लायंटला "सर बघा" म्हणून फिरवायचं आणि त्याने वाहवा करायची. त्या वेळी त्याला पॅसेज अरुंद वाटला तरी तू काय करणारेस, कॉलम सरकवणारेस? म्हणून माझं म्हणणं एवढंच की हेडसेट लवकर घाल आणि मॉडेल राखाडी असतानाच घाल. भिंती, स्लॅब, बीम, खिडक्या, जिना, बस. एन्स्केपमध्ये, म्हणजे मॉडेल हेडसेटमध्ये दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पांढरा मोड आहे तोही चालेल. टेक्स्चर, म्हणजे लाकूड-टाइल्सचे रंग-पोत, चढलं की लोक लाकडाच्या रंगावर बोलायला लागतात आणि खोलीचं बोलायचं राहून जातं, हे मी किती वेळा बघितलंय.

हे काही मी शोधून काढलेलं नाही गं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपल हिलला, १९८०च्या दशकात कॉम्प्युटर शास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांच्या टीमने स्वतःच्याच कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या नव्या इमारतीचं, सिटरसन हॉलचं, मॉडेल बांधकामाआधी कॉम्प्युटरवर केलं होतं. पुढे त्यांनी आत फिरायला चक्क ट्रेडमिल लावली, सायकलसारख्या हँडलची. तर तिथे बसणाऱ्या लोकांचं म्हणणं होतं की लॉबीतल्या एका पार्टिशनमुळे येण्याजाण्याची जागा आवळल्यासारखी होतेय, आर्किटेक्टना ते पटेना, शेवटी त्यांनाच मॉडेलमधून फिरवून आणलं आणि पार्टिशन सरकलं. तेव्हाची ग्राफिक्स आजच्या साध्या मोबाइल गेमपुढेसुद्धा काहीच नव्हती, तरी भिंत हलली.

आता माझी फजिती ऐक. पुण्यातल्या एका घराला मी दक्षिणेची मोठी खिडकी दिली आणि हेडसेटमध्ये २१ डिसेंबर, भर दुपारचं ऊन लावून दाखवलं. ऊन पार हॉलच्या मध्यापर्यंत, क्लायंट खूश, मीपण खूश. राहायला गेल्यावर पहिल्या थंडीत त्यांचा फोन, "ताई, ते ऊन कुठाय?" फाइल उघडून बघते तर लोकेशन टाकायचंच राहिलेलं. स्केचअपमध्ये, ज्यात आपण मॉडेल करतो, तुम्ही लोकेशन दिलं नाही तर डिफॉल्ट असतं बोल्डर, कोलोरॅडो, म्हणजे ४० अंश उत्तर. मी पुण्याच्या घरात अमेरिकेचं ऊन विकलं होतं. गणित करून बघ, त्या दिवशी बोल्डरला दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसव्वीस अंशावर असतो आणि पुण्यात ४८ अंशावर, म्हणजे वर छज्जा नसलेल्या खिडकीचं लिंटल, म्हणजे वरची कड, ७ फुटांवर धरलं तर तिकडे ऊन फरशीवर जवळजवळ १४ फूट आत येतं आणि इकडे जेमतेम सव्वासहा. आणि जूनमध्ये तर आपल्याकडे भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला गेलेला असतो, बोल्डरला असं कधीच होत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी लोकेशन टाक, मग उत्तर दिशा तपास, मग हेडसेटला हात लाव.

दुसरी गोष्ट मापांची. साइटवर तू बघितलंच असशील, फक्की, म्हणजे पांढरी पूड, टाकून जमिनीवर भिंतींचं लाइनआउट केलं की मालकाचा चेहरा पडतो, "एवढीशी खोली?", वीटकाम वर आलं की तीच खोली मोठी वाटते आणि प्लास्टर झालं की परत लहान. हेडसेटमध्येपण डोळा फसतो, अंतरं खऱ्यापेक्षा थोडी कमी वाटतात, यावर बराच अभ्यास झालेला आहे. म्हणून मी नव्या मुलांना पहिलं मॉडेल आपल्याच ऑफिसचं करायला लावते, टेपने मापं घेऊन, आणि मग त्याच खोलीत उभं राहून हेडसेट घाल-काढ करायचं. दहा-बारा वेळा केलंस की कळतं आपला डोळा किती चुकतोय ते. सहा इंचाचा निर्णय मात्र हेडसेटवर घेऊ नकोस, त्याला टेपच. आणि लेन्सचं अंतर आपापल्या डोळ्यांप्रमाणे लावून घे, आपल्या हेडसेटला, क्वेस्ट ३ला, खाली चाक आहे, ते कोणी फिरवतच नाही.

मापांवरून आठवलं, तुझ्या मास्टर बेडरूममधला बेड कुठून डाउनलोड केलास? मला तो ६ बाय साडेसहा फुटांचा वाटत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये मुद्दाम लहान फर्निचर ठेवतात तो प्रकार तुला माहितीये, तू मुद्दाम केलं नसशील, पण क्लायंटच्या दृष्टीने फसवणूक तीच. प्रत्येक वस्तू मोजून घे.

आता क्लायंटचं. उभं करून दाखव. खुर्चीत बसवलंस आणि डोळ्यांची उंची त्याप्रमाणे लावली नाहीस तर ३४ इंचाचा ओटापण उंच वाटतो आणि मग उगाच ओट्यावर चर्चा. आजोबा असतील तर बसव, पण सेटिंग बदलून. जॉयस्टिकने सरकवू नकोस, डोळे म्हणतात चाललोय आणि कान म्हणतात उभे आहोत, मळमळतं, तेव्हा बटण दाबून एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी मारायचंच ठेव. फाइल जड झाली आणि मान वळवल्यावर चित्र मागून यायला लागलं तरी तेच होतं, त्यामुळे ती हजार पानांची झाडं काढून टाक. पाच-सात मिनिटं पुरे.

आणि तू गप्प बस. हे सगळ्यात अवघड आहे. एका काकूंनी हेडसेट घातला, तोंडाने "छान, छान" चाललेलं, पण ओट्यापाशी गेल्या आणि उजवा हात मागे नेला, दोनदा. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाल्या फ्रिज. जुन्या घरात तीस वर्षं त्यांचा फ्रिज तिथेच होता. मी तो डाव्या कोपऱ्यात नेला होता, शेगडी-सिंक-फ्रिज या माझ्या त्रिकोणाच्या हिशोबाने एकदम बरोबर. फ्रिज परत उजवीकडे आला. छान तर सगळेच म्हणतात, तू हात बघ, कुठे थबकतात ते बघ, कोण बीमखाली मान खाली घालतं ते बघ. बाल्कनीत माणूस मागे सरकला तर रेलिंगवर एक प्रश्नचिन्ह लिहून ठेव.

जिना मात्र यात तपासला जात नाही हे लक्षात ठेव, उडी मारून आपण थेट वर पोचतो, गुडघ्यांना काही कळतच नाही. त्यासाठी त्याच मापाचा एखादा जिना गावात शोध आणि काकूंना खरंच चढायला लाव. वाराही कळत नाही, शेजारच्या मिक्सरचा आवाजही नाही.

बाकी किरकोळ: कुंकू आणि केसांचं तेल फेसकव्हरला लागतं, ओले वाइप्स जवळ ठेव. चष्मेवाल्यांना घाई करू नकोस. मधलं टीपॉय आधीच उचलून ठेव, मागच्या वेळी एकांची नडगी फुटली.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसला ये, हेडसेट घेऊन जा, केबल लांबवाली घे, छोटी टेबलापर्यंतच पोचते. येताना राखाडी मॉडेल घेऊन ये, आधी मी फिरते. आणि ते टॉयलेटचं दार बाहेर उघडणारं कर.

ताई