प्रेअरीवरचा वाफेचा माणूस आणि त्याचा बॉयलर

तुमचा प्रश्न असा : स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या अचाट यंत्रांच्या कल्पित विज्ञानकथा, म्हणजे व्हिक्टोरियन लंडन, गॉगल, पितळी चाकं आणि उंच टोप्या, एवढंच का? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असं काही लिहिलं जात होतं का, आणि वाचायचं तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर जरा लांबेल. साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला एकतीस गाळप हंगाम काढलेत. त्यामुळे वाफेची गोष्ट वाचायला घेतली की माझी नजर आधी गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी, शोधते. पाणी किती आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे, लाकूड कोण टाकतंय, हे कळेपर्यंत नायक-नायिकेकडे लक्ष जात नाही. ही खोड समजा. पण अमेरिकेतल्या त्या जुन्या गोष्टी याच खोडीमुळे मला उलगडल्या.

आधी नावाचं. 'स्टीमपंक' हा शब्द १९८७चा. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने 'लोकस' या विज्ञानकथांच्या मासिकाला पत्र लिहिलं. आपण, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक जे लिहितोय त्याला काहीतरी नाव हवं, म्हणून 'सायबरपंक' या संगणकी विज्ञानकथांच्या नावाच्या धर्तीवर त्याने अर्ध्या थट्टेत हा शब्द सुचवला. गंमत बघा, तिघंही कॅलिफोर्नियातले, आणि लिहीत होते लंडनबद्दल. तुमच्या मनात लंडन बसलंय ते बरंचसं तिथूनच. पण त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी खुद्द अमेरिकेत दहा-दहा सेंटांना वाफेची माणसं विकली जात होती.

दहा सेंटांचं नाणं म्हणजे डाइम, म्हणून या पुस्तकांना 'डाइम नॉव्हेल' म्हणायचे. १८६०मध्ये बीडल यांच्या प्रकाशन संस्थेने ही टूम काढली आणि यादवी युद्धात छावण्याछावण्यांतून सैनिकांनी ती वाचून फाडली. एडवर्ड एलिस हा त्यातला हुकमी लेखक. पेशाने शिक्षक, न्यू जर्सीतला, आणि लिहिण्याचा झपाटा असा की किती नावांनी किती पुस्तकं लिहिली याचा हिशोब लावणारे आजही थकतात. ऑगस्ट १८६८मध्ये त्याचं 'द स्टीम मॅन ऑफ द प्रेअरीज' आलं. तुम्ही सुरुवात इथून करा.

त्याच्या मागे एक खरी घटना आहे, आणि ती मला पुस्तकाहून जास्त आवडते. न्यू जर्सीतल्याच नेवार्क गावात झेडॉक डेडरिक या बाविशीतल्या तरुणाने आयझॅक ग्रास या जोडीदाराला घेऊन खरोखरच वाफेचा माणूस बनवला होता. मार्च १८६८मध्ये त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक ७५,८७४. माणूस पावणेआठ फूट उंच, वजन ५०० पौंड, पोटात तीन अश्वशक्तीचं इंजिन. तो एकटा उभा राहू शकत नसे. मागे गाडी जोडलेली, तिच्या दांड्यांच्या आधारानेच तो तोल सांभाळायचा. म्हणजे चालणारा माणूस म्हणण्यापेक्षा गाडीला जुंपलेली पायांची जोडी म्हणा. पहिला बनवायला दोन हजार डॉलर लागले. पुढचे तीनशेला विकू, असा दोघांचा होरा होता. त्या काळी पेटंट काढणारा प्रत्येक माणूस पुढचे तीनशेलाच विकणार असायचा.

पण खरी बहार पुढे आहे. रस्त्यातले घोडे बुजू नयेत म्हणून याला कपडे घालायचं ठरलं. पाटलोण, वेस्टकोट, कोट, सगळं ताज्या फॅशनचं. चेहरा पांढऱ्या एनॅमलचा, हसरा, काळ्या मिशांचा. डोक्यावरची पत्र्याची उंच टोपी म्हणजे धुराडं. एका प्रसिद्ध लठ्ठ इंग्रजावरून त्याचं नाव ठेवलं डॅनिएल. वर्तमानपत्रातला मजकूर सांगतो की दर दोन-तीन तासांनी कोळसा टाकायची वेळ आली की चालक गाडी थांबवणार, खाली उतरणार, डॅनिएलच्या वेस्टकोटाची बटणं सोडणार, छातीचं दार उघडून कोळसा ढकलणार, पुन्हा बटणं लावणार आणि पुढे निघणार. हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून ज्याने कधी फावडं मारलंय त्याने तापलेल्या दारावरची बटणं लावण्याची कल्पना करून बघावी.

एलिसने यातलं बरंच उचललं आणि त्याला पश्चिमेच्या माळरानावर नेलं. त्याचा माणूस दहा फुटी. बॉयलर छातीत, आणि तिथे न मावलेला भाग पाठीवरच्या पिशवीसारख्या फुगवट्यात. नाकाच्या जागी शिट्टी, टोपीतून धूर, तळव्यांना पाय घसरू नये म्हणून अणकुचीदार खिळे, मागे चार चाकी गाडी. बनवणारा जॉनी ब्रेनर्ड हा सेंट लुईसचा ठेंगणा, कुबडा पोरगा. वडील गेलेले, आई विधवा. आता काय बनवू, या पोराच्या भुणभुणीवर वाफेवर चालणारा माणूस बनव असं सुचवते ती ही आईच, आणि पुढे गोष्ट तिला विसरून जाते. बाल्डी बिकनेल नावाचा शिकारी या पोराला हेरतो, यंत्र खोक्यात बंद होऊन इंडिपेंडन्स या गावी पोचतं आणि मग एक आयरिश, एक यांकी आणि हे दोघं सोन्याच्या शोधात निघतात. आयरिश गड्याचे संवाद त्याच्या बोलीच्या नकलेत लिहिलेत. ते वाचताना दात दुखतात, खुशाल उड्या मारत जा.

आता एक बारीक फरक बघा. नेवार्कच्या डॅनिएलचा चेहरा पांढरा, हसरा. एलिसच्या माणसाचा लोखंडी चेहरा काळा रंगवलेला, डोळे भयानक, तोंड विचकलेलं. साल १८६८. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन जेमतेम तीन वर्षं झालीत. आणि इथे काळ्या तोंडाचा एक राक्षस गोऱ्या माणसांची गाडी ओढतोय, न थकता, न बोलता, आणि लगाम एका पोराच्या हातात. एलिसने मुद्दाम तसं योजलं असेल असं मी म्हणत नाही. त्याला काजळी दिसली असेल. पण तेव्हाच्या वाचकाला त्या चित्रात काही ओळखीचं वाटलंच नसेल, हे मला पटत नाही.

या माणसाचा उपयोग काय, तर गोष्टभर तो मुख्यतः इंडियन लोकांना, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना, भिववायला आणि पिटाळायला वापरला जातो. शेवट सांगून टाकतो, दीडशे वर्षं झाली, आता रसभंग कसला. सगळे एका घळीत अडकतात, तोंडाशी इंडियन लोकांनी वाट अडवलेली. जॉनी काय करतो? बॉयलरमध्ये वाफ कोंडतो, काटा चढू देतो आणि माणसाला शत्रूच्या घोळक्यात सोडून देतो. स्फोट होतो, वाट मोकळी होते, मंडळी सोनं घेऊन घरी जातात.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला, आणि तो माळरानामुळे नाही. एका रात्रपाळीत आमचा फीड पंप अडकला आणि गेज ग्लासमधलं पाणी बघता बघता दिसेनासं झालं होतं. अशा वेळी शिकाऊ पोरगा पाणी सोडायला धावतो. तेच करायचं नसतं. तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं की संपलं. आधी आग तोडायची. आमच्या हेड फायरमनने त्या पोराचा दंड धरून त्याला भिंतीला दाबून ठेवलं होतं, अजून डोळ्यांसमोर आहे. बॉयलर हा फुटायची वाट बघत असलेला ऐवज असतो. तो फुटू नये म्हणून आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत माणसं डोळे लावून बसतात. एलिसचा नायक नेमकं उलटं करतो, आणि लेखकाला ते हुशारीचं वाटतं.

बॉयलर फुटला की काय होतं हे त्याच्या वाचकांना चांगलं ठाऊक होतं. एप्रिल १८६५मध्ये मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीत 'सुलताना' ही आगबोट बॉयलर फुटून जळाली. परवाना ३७६ माणसांचा, बोटीवर दोन हजारांहून जास्त, बहुतेक शत्रूच्या कैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. हजाराच्या वर माणसं गेली. विक्सबर्गला गळक्या बॉयलरला घाईघाईत ठिगळ मारून बोट पुढे काढली होती. पुढच्याच वर्षी हार्टफर्डमध्ये फक्त बॉयलर तपासायला आणि त्यांचा विमा उतरवायला एक कंपनी निघाली. हा तिथला काळ. आजच्या स्टीमपंकमध्ये वाफ म्हणजे सजावट, शोभेचा फुसफुसाट. तेव्हा वाफ म्हणजे रोजच्या पेपरातली बातमी होती. मला विचाराल तर जुन्या गोष्टींचा जीव त्या भीतीत आहे.

पुढचा भाग भराभर सांगतो. १८७६मध्ये 'बॉइज ऑफ न्यू यॉर्क' या साप्ताहिकात एलिसची जवळपास नक्कलच छापली गेली, 'फ्रँक रीड अँड हिज स्टीम मॅन ऑफ द प्लेन्स', लेखक हॅरी एंटन. मग बापाच्या जागी पोरगा आला, फ्रँक रीड ज्युनिअर, आणि लेखणी गेली लुईस सेनारेन्स या ब्रुकलिनच्या, क्यूबन वंशाच्या मुलाकडे. विशीही गाठायच्या आत तो यात पडला. छापील नाव काय, तर 'नोनेम'. वाफ जाऊन वीज आली, यंत्राचे घोडे आले, पाणबुड्या आल्या, जहाजाच्या डोलकाठ्यांना पंखे लावल्यासारखी विमानं आली. १८९२ ते १८९८ या काळात 'फ्रँक रीड लायब्ररी'चे १९१ अंक निघाले, पाच-पाच सेंटांना. मुखपृष्ठं अफलातून, आत मजकूर एकाच साच्यातला आणि वंशद्वेषाने बरबटलेला. चित्रं बघा, गोष्टी दोन-तीन वाचा, पुरे. अशा किशोर संशोधकांच्या गोष्टींना आता समीक्षक 'एडिसोनेड' म्हणतात, एडिसनच्या नावावरून.

खरा कस दुसरीकडे आहे. एडवर्ड पेज मिचेल हा 'न्यू यॉर्क सन'चा पत्रकार, गोष्टी नाव न देता छापायचा. त्यामुळे शंभरेक वर्षं तो कुणाला माहीतच नव्हता. १९७३मध्ये सॅम मॉस्कोविट्झ यांनी त्या गोष्टी एकत्र आणल्या. १८८१ची 'द क्लॉक दॅट वेंट बॅकवर्ड' घड्याळातून माणसाला भूतकाळात नेते, एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन' या कालयंत्राच्या कादंबरीच्या चौदा वर्षं आधी. पण मी तुम्हाला १८७९ची 'द एब्लेस्ट मॅन इन द वर्ल्ड' सुचवेन. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाच्या गणनयंत्राचा धागा पकडून एक माणूस दातेरी चाकांचा मेंदू बनवतो, एका मतिमंदाच्या कवटीत बसवतो, आणि तो मतिमंद रशियाचा कर्तबगार बॅरन होऊन बसतो. शेवटी ते यंत्र एक अमेरिकन अटलांटिकमध्ये फेकून देतो. स्टीमपंकला जे साधायचंय ते इथे काही पानांत साधून झालंय, एकही गॉगल न चढवता.

एडवर्ड एव्हरेट हेल याची 'द ब्रिक मून' (१८६९) हीसुद्धा सोडू नका. खलाशांना रेखांश कळावा म्हणून विटांचा २०० फुटी पोकळ गोल आकाशात भिरकवायचा बेत. भिरकवायला पाण्यावर फिरणारी प्रचंड चाकं. गोल वेळेआधीच सुटतो, आत माणसं आणि त्यांचे संसार. ती माणसं वर सुखाने नांदतात आणि खालच्यांशी बोलतात कशी, तर लांब आणि आखूड उड्या मारून, मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये. कृत्रिम उपग्रहाची ही पहिली कथा मानतात. वीट का, तर उष्णता सोसते. भट्टी बांधणाऱ्या कुणालाही पटेल असं कारण.

एक फांदी आपल्याकडेही येते. एलिसनंतर बारा वर्षांनी, १८८०मध्ये, फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने 'द स्टीम हाऊस' या कादंबरीत वाफेचा हत्ती काढला. भूतानच्या राजासाठी बनवलेला, राजा वारला म्हणून इंग्रजांच्या हाती आलेला. तो मागे दोन चाकांवरचे बंगले ओढत कोलकात्याहून उत्तरेकडे निघतो. कादंबरीची सुरुवात होते औरंगाबादेत, ६ मार्च १८६७च्या संध्याकाळी लागलेल्या इनामाच्या जाहिरातीने, आणि ज्याला पकडायचंय तो आहे धोंडोपंत, म्हणजे नानासाहेब पेशवे. भारतात कधी पाऊल न टाकलेल्या व्हर्नने त्यांना वेरूळ-अजिंठ्याच्या बाजूने फिरवलंय. शेवटी नानासाहेब हाती लागतात, त्यांना हत्तीच्या मानेवर बांधतात, वाफ कोंडली जाते आणि बॉयलर फुटतो. त्यांचा मागमूस उरत नाही.

तिकडे माळरानात इंडियन, इकडे नानासाहेब. व्हर्नने एलिस वाचला होता की नाही हा वाद मला घालायचा नाही. दोघांनाही यंत्राचा शेवट तोच सुचला, आणि स्फोटाच्या तोंडाशी दोन्हीकडे ज्याची जमीन होती तोच उभा होता.

मिळण्याबाबत : एलिसचं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर 'द ह्यूज हंटर' या नंतर दिलेल्या नावाखाली फुकट आहे. डाइम नॉव्हेलांचे स्कॅन नॉर्दर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीने ठेवलेत, मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात, मोठ्या पडद्यावर उघडा. क्रम विचाराल तर आधी मिचेलची मेंदूवाली, मग एलिस, मग हेल, आणि व्हर्न शेवटी. आणि तुम्ही लिहायला घेतलंत तर कच्चा खर्डा इथे टाका, तुमच्या यंत्रात पाणी कुठून येतं ते मी विचारणारच आहे.