आरएक्स-८: ४.८ चं ॲव्हरेज आणि न घटणारं तेल

इंजिन उघडू देऊ नका. ‘सील गेले’ हे निदान तुमच्या गॅरेजवाल्याने गाडी तपासून केलेलं नाही, रोटरी म्हटल्यावर करून टाकलंय. (रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, आणि सील म्हणजे त्या रोटरच्या टोकांवरच्या गळती अडवणाऱ्या पट्ट्या.)

बाकीच्या मंडळींसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. २००६ ची माझदा आरएक्स-८, २३१ पीएसची, सहा गिअरवाली, काकांनी इंग्लंडहून परत येताना सोबत आणलेली. ॲव्हरेज आधी साडेसात होतं, आता ४.८. ओडोमीटर मैलांत आहे, पण आकडे किलोमीटर करूनच दिलेत (हे न सांगता करणारा माणूस विरळा, त्यामुळे हिशेबावर माझा विश्वास बसला). चेक लाइट नाही. पेट्रोलचा वास येतो. प्लग नवीन टाकलेत. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा संगणक ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के वाढ किंवा कपात करतोय तो आकडा) उणे ९, आणि मिस्त्री म्हणाला दहाच्या आत आहे म्हणजे ओके. ‘आनंदाची गोष्ट’ म्हणून कळवलंय की गाडी हल्ली तेल पीत नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता, की सिन्नरची नोकरी सुटून आता नाशिकमध्येच इंदिरानगर ते मुंबई नाका एवढंच रोजचं जाणं-येणं आहे.

माझ्या मते शेवटच्या दोन वाक्यांतच बरंचसं उत्तर आहे.

पण आधी अपेक्षा ठरवू. कागदोपत्री इंजिन १३०८ सीसीचं आहे, ६५४ चे दोन रोटर. हा आकडा बघून लोक स्विफ्टशी तुलना करतात आणि रडतात. पिस्टनचं चार स्ट्रोकचं इंजिन आपली पूर्ण सीसी भरायला शाफ्टच्या दोन फेऱ्या घेतं. रोटरी तेवढी हवा एकाच फेरीत घेते, म्हणजे दोन फेऱ्यांत २.६ लिटर. तेव्हा तुलना करायचीच तर २.६ लिटरच्या इंजिनाशी करा. त्यात रोटरीची जळण्याची जागा लांबट, चपटी आणि सरकती असते. भिंतींचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे उष्णता भिंतींत जाते आणि कोपऱ्यातलं पेट्रोल ज्योत पोचायच्या आत सायलेन्सरच्या वाटेला लागतं. इंग्लंडमध्ये या मॉडेलचा अधिकृत मिश्र आकडा एका ब्रिटिश गॅलनला २४-२५ मैलांचा होता, म्हणजे लिटरला पावणेनऊच्या आसपास. नाशिकच्या गावातल्या ट्रॅफिकमध्ये सहा-साडेसहा आणि महामार्गावर नऊ मिळाले तर गाडी निरोगी समजा. भारतात २०२५ पासून बहुतेक पंपांवर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, त्याची ऊर्जा लिटरमागे शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी असते, तोही फटका धरा. म्हणजे तुम्ही शोधताय तो दोष ‘साडेसातऐवजी ४.८’ एवढा मोठा नाहीच. ‘सहाऐवजी ४.८’ एवढा आहे.

सिन्नरला जाताना गाडी तीसेक किलोमीटर सलग चालायची. आता चार किलोमीटर, तेही सिग्नल आणि कुंभमेळ्यासाठी उकरलेल्या रस्त्यांतून. थंड रोटरी सुरू झाली की आरपीएम चढतात, एक्झॉस्टमध्ये जादा हवा सोडणारा पंप घरघरतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) लवकर तापावा म्हणून संगणक पेट्रोल सढळ हाताने सोडतो. तुमचा अख्खा प्रवास याच टप्प्यात संपतो. वर पार्किंगमधून गाडी दहा फूट हलवून बंद करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा, नाहीतर एखाद्या सकाळी प्लग पेट्रोलने चिंब होऊन गाडी स्टार्टच होणार नाही. (झालंच तसं, तर ॲक्सिलरेटर तळाला दाबून स्टार्टर मारा. तेव्हा इंजेक्टर बंद राहतात.)

म्हणून पहिली चाचणी फुकटची. सिन्नर रोडच्या पंपावर पहिल्या कट-ऑफला टाकी भरा, सिन्नरच्या पुढे जाऊन या, ऐंशी-नव्वदने. शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले पाहिजेत. परत त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या कट-ऑफला भरा. साडेआठ-नऊ आले तर इंजिन ठीक, मामला बहुतेक वापराचा. साडेसहा-सात आले तर खरंच काहीतरी बिघडलंय.

आता तेल. या इंजिनात एक छोटा पंप मुद्दामच इंजिन ऑइल रोटरच्या सीलवर सोडतो, ते जळूनच जायचं असतं. दीड-दोन हजार किलोमीटरला लिटरभर तेल जाणं ही तब्येत ठणठणीत असल्याची खूण. तुमचं तेल घटत नाही याचे दोनच अर्थ निघतात. एक तर तो पंप किंवा त्याच्या नळ्या काम करत नाहीत, आणि मग सील खरोखरच जातील. नाहीतर जेवढं तेल जळतंय तेवढंच पेट्रोल खाली उतरून तेलात मिसळतंय. उणे ट्रिम आणि पेट्रोलचा वास बघता माझा संशय दुसऱ्यावर आहे. डिपस्टिक काढा, बोटावर तेल घेऊन चोळा आणि वास घ्या. रॉकेलच्या बाटलीसारखा भपकारा आला आणि तेल बोटावर पाण्यासारखं पळालं तर प्रश्न मिटला. असं तेल ठेवू नका, लगेच बदला. इंजिन गरम होऊन वीस-पंचवीस मिनिटं चालल्याशिवाय तेलातलं पेट्रोल उडत नाही, आणि चार किलोमीटरमध्ये तेल कोमटही होत नाही. तेच पेट्रोल मग वाफ होऊन ब्रीदरच्या पाइपमधून पुन्हा इनटेकला येतं. संगणकाला कळत नाही हे कुठून आलं, तो इंजेक्टर आवरतो आणि ट्रिम उणे होते.

आणि ट्रिम ‘दहाच्या आत म्हणजे ओके’ हा नियम पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं तेव्हाचा. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तुमच्या गाडीने ई२० वर जास्त पेट्रोल मागायला हवं. निरोगी आरएक्स-८ चा आकडा इथे अधिक चार ते अधिक आठ दिसणं स्वाभाविक आहे. तुमचा उणे नऊ आहे, म्हणजे खरी तफावत तेरा ते सतरा टक्क्यांची. हे ‘ओके’ नाही. तो आकडा नुसत्या आयडलला आहे की अडीच हजार आरपीएमला सुद्धा, हे बघा. आयडलला खूप उणे आणि वर नॉर्मल, तर गळका इंजेक्टर, अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) किंवा तेच तेलातलं पेट्रोल. सगळीकडे सारखाच उणे, तर एअर फ्लो सेन्सर किंवा पुढचा ऑक्सिजन सेन्सर. सेन्सर बदलण्याआधी एअर फ्लो सेन्सरचाच स्प्रे आणून धुवा, कार्ब क्लीनर नको. तेलकट स्पोर्ट्स फिल्टर बसवला असेल तर तो काढून कंपनीचा कागदी टाका.

स्वस्तातली आणखी एक युक्ती: पीयूसी सेंटर. सर्टिफिकेटसाठी नाही, आकड्यांसाठी जा. त्याच्या यंत्रावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड), एचसी (न जळलेलं पेट्रोल) आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) दिसतात. गाडी पूर्ण गरम करून न्या आणि स्क्रीनचा फोटो काढा. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. सीओ कमी पण एचसी भरमसाट, म्हणजे ठिणगी चुकतेय, पेट्रोल न जळता बाहेर पडतंय. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो पुष्कळ काही झाकतो, हे लक्षात असू द्या.

थर्मोस्टॅट. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर असतो म्हणून कोणी बघत नाही. आरएक्स-८ चा तो काटा बनवलेलाच असा आहे की मोठ्या टप्प्यात तो हलतच नाही. साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून कूलंटचं तापमान वाचा. चालत्या गाडीत ऐंशीच्या वर जाऊन टिकायला हवं. महामार्गावर सत्तरच्या आसपास रेंगाळलं तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. अशा वेळी गाडी कायम ‘अजून थंडच आहे’ म्हणून जादा पेट्रोल घेत राहते. डिसेंबरात निफाडकडची थंडी शहरात उतरते तेव्हा हा दोष आणखी चावतो.

आता ज्या दोषाला चेक लाइट लागत नाही तो. प्रत्येक रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. चार प्लग, आणि त्यांना ठिणगीची वीज देणाऱ्या चार कॉइल. लीडिंग कॉइल गेली की गाडी मिसिंग मारते, धक्के देते, कोणालाही कळतं. ट्रेलिंग गेली तर इंजिन बऱ्यापैकी मऊ चालतं, पिकअप थोडा मरतो, ॲव्हरेज पडतं आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. एवढंच. कोड येईलच असं नाही. पहिल्या मॉडेलच्या कॉइल टिकायला कच्च्या म्हणून जगभर बदनाम आहेत आणि कंपनीने त्या पुढे सुधारूनही दिल्या. तुमच्या कॉइल कधी बदलल्या याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा मूळच्याच आहेत.

अंबडच्या एका शेडमध्ये अशी तपासणी चालू असताना मी शेजारी उभा होतो. वायरच्या मध्ये स्पार्क टेस्टर लावला. थंड असताना चारही कॉइलवर बल्ब निळसर, ठसठशीत. गाडी वीस मिनिटं फिरवून आणली आणि पुन्हा लावला. मागच्या रोटरच्या ट्रेलिंगवरचा बल्ब फिका, मधूनच एखादा ठोका गाळणारा. आयडलचा आवाज मात्र तसाच, कान देऊनही फरक कळेना. म्हणून कॉइल गरम असतानाच तपासायची, नाहीतर ती पास होते.

त्याच वेळी प्लग काढून बघा, डाव्या पुढच्या चाकाच्या बाजूने हात जातो. ‘नवीन टाकले’ एवढ्यावर जाऊ नका, काय टाकले ते वाचा. एनजीकेचे लीडिंग आरई७सी-एल आणि ट्रेलिंग आरई९बी-टी असतात. दोन्ही वेगळे आहेत, अदलाबदल चालत नाही. वायरीही कॉइलवरच्या एल१, टी१, एल२, टी२ या खुणांप्रमाणेच बसल्यात का, ते पाहा. प्लग बदलताना वायरींचा गोंधळ करणारे गॅरेज मी पाहिलेत. आणि ॲव्हरेज प्लग बदलण्याआधी पडलं की नंतर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते सांगा, फार महत्त्वाचं आहे.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेशन, कारण गॅरेजवाल्याची शंका मिटवायलाच हवी. साधं गेज रोटरीला चालत नाही, ते रोटरच्या तीन बाजूंच्या तीन खणांतला सर्वांत मोठा आकडा धरून बसतं. रोटरीच्या यंत्रावर प्रत्येक रोटरचे तीन आकडे स्वतंत्र येतात. २५० आरपीएमला किमान ६८० किलोपास्कल, नव्याचे ८३० च्या आसपास, आणि एका रोटरच्या तीन खणांत १५० पेक्षा जास्त फरक नको. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा आकडा सहा-सात टक्के कमी दिसला तर घाबरू नका. यंत्र मिळेपर्यंत घरगुती उपाय: गरम इंजिनाचा एका रोटरचा खालचा प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. ‘फस्, फस्, फस्’ असे तीन सारखे श्वास आले पाहिजेत. एक श्वास गळाला किंवा फिका आला तर त्या बाजूचं सील गेलंय, आणि मग तुमच्या गॅरेजवाल्याची मी माफी मागेन. पण सील गेलेल्या रोटरीचं पहिलं लक्षण ॲव्हरेज नसतं. गरम गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

टायरची हवा (३२), हाताला गरम लागणारी चाकं म्हणजे अडकलेले ब्रेक, एअर फिल्टर, अलाइनमेंट: हे अर्ध्या तासात उरका, त्यावर जास्त लिहीत नाही.

तुमचे दोन उपप्रश्न राहिले: पेट्रोल कोणतं टाकायचं आणि कन्व्हर्टर मोकळा करून घ्यायचा का. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकाच, या गाडीला तेच सांगितलंय. पण ते नॉकिंगपासून सील वाचवायला, ॲव्हरेज वाढवायला नाही. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ‘मोकळा करून’ घेऊ नका. तो खरंच तुंबला असेल तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून कळतं. गरम इंजिनात अडीच हजार आरपीएमला तीन पीएसआयच्या वर गेलं तर तुंबलाय. तेव्हाही तो तुंबला का, हे आधी शोधावं लागेल, कारण कॉइल तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर टाकला तर तोही वितळेल. न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं ते तिथेच.

तेल बदलल्यावर आठवड्यातून एकदा गाडी सिन्नर किंवा त्र्यंबक रोडला पूर्ण गरम करून दुसऱ्या गिअरमध्ये आठ हजारांपर्यंत न्या. वेग शंभरच्या आतच राहतो आणि रोटरवरचा कार्बन सुटतो. थंड असताना मात्र अजिबात नको.

आता मला इथे हवंय ते असं: डिपस्टिकचा वास, गरम इंजिनाचा आयडल आणि अडीच हजारावरचा ट्रिम, चालत्या गाडीतलं कूलंटचं तापमान, प्लगवरचे नंबर आणि त्या तीन श्वासांचं रेकॉर्डिंग. तेल बदलून, कॉइल तपासूनही आयडलचा ट्रिम उणेच राहिला तर इंजेक्टर काढून बेंचवर टेस्ट करायला द्यावे लागतील. २३१ पीएसच्या इंजिनात ते सहा आहेत, सगळेच द्या, आणि जुने ओ-रिंग परत बसवू देऊ नका.